एक बोट जास्त

मापारी मिस्त्रीच्या शेडवर गेला तो फक्त डांबर मागायला. पाव डबा पुरला असता. होडी जरा खाली बसतेय, कुठेतरी सांधा सुटला असेल, बुजवून टाकतो, एवढंच तो म्हणाला. मिस्त्री फळीवर रंधा मारत होता. त्यानं मान वर न करताच विचारलं,

"किती खाली?"

"एक बोट."

"भरलेली असताना?"

"नाही. रिकामी."

मिस्त्रीचा रंधा थांबला.

आता हे बोट म्हणजे हाताचं बोट, बरं का. मापारीकडे होती ती साधी लाकडी होडी, आठ माणसांची. तलावाच्या मधोमध एक दगडी मनोरा होता, त्यात शहराला पाणी ओढून देणारे पंप होते. पंपावरच्या सहा कामगारांना सकाळी तिथे सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे बापानंतर त्यानं धरलेलं काम. होडीच्या अंगावर बाहेरून एक पांढरी रेघ ओढलेली होती आणि तिच्याखाली बोटाबोटाच्या अंतरावर चाकूनं पाडलेल्या खाचा. एक माणूस चढला की होडी एक बोट खाली जायची. सहा कामगार आणि दोघे भाऊ चढले की पाणी बरोबर पांढऱ्या रेघेला टेकायचं. त्याच्यावर मांजरसुद्धा नको.

माणसं चढायला लागली की हा गडी त्यांच्या तोंडाकडे बघायचाच नाही. वाकून रेघेकडे बघायचा आणि खालूनच सांगायचा, "काय हो फोरमन, सासूबाईंनी बरंच खाऊ घातलेलं दिसतंय, पाव बोट वाढलात की!" म्हणून तर त्याला मापारी म्हणायचे. खरं नाव त्याच्या आईला तेवढं ठाऊक.

फोरमन शिकलेला माणूस. त्यानं एकदा समजावून सांगितलं होतं, की होडी जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्याच पाण्याच्या वजनाइतका जोर तिला खालून उचलून धरतो. वजन वाढलं की ती आणखी बुडते, आणखी पाणी सारते, आणि जिथे बरोबरी होते तिथे थांबते. मापारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मी तरी दुसरं काय सांगतोय? माणूस खोटं बोलेल, पाणी नाही बोलणार."

त्याचा धाकटा भाऊ मात्र यावरून त्याची यथेच्छ चेष्टा करायचा. धाकटा म्हणजे काही पोर नव्हे, तिशी ओलांडलेला, अंगानं भरलेला बाप्या. मनोऱ्याला होडी बांधायची, सोडायची आणि पुढच्या टोकाला बसून वाट बघायची, हे त्याचं काम. "दादा, डोकी मोजत जा रे, डोकी," तो म्हणायचा. "एखाद दिवशी होडीत दगड भरून आणशील आणि घरी सांगशील, सगळे सुखरूप आले म्हणून."

मापारी हसायचा. डोकी मोजायला काय, शाळेतल्या पोरालाही येतं.

मग ती संध्याकाळ आली. दिवसभर ऊन होतं आणि चारच्या सुमाराला धुकं असं उतरलं, की मनोऱ्याच्या पायरीवर उभं राहून पायरी दिसेना. कामगार चाचपडत चढले, टोप्या कानांवर ओढून मागच्या फळ्यांवर गप्प बसून राहिले. मापारी वल्ह्यांवर बसला. वल्हवणाऱ्याची पाठ नेहमी पुढच्या टोकाकडे असते, आणि धाकट्याची जागा तिथेच, त्याच्या पाठीमागे. दोर सोडायचा, पायरीवरून होडीत उडी टाकायची, की निघायचं. मापारीनं सवयीनं वाकून हाताला लागेल एवढ्या अंतरावरून रेघ पाहिली. पाणी रेघेला टेकलेलं होतं. आठ बोटं, आठ माणसं.

"झालं का?" त्यानं मागे न बघता विचारलं.

"झालं, दादा."

त्यानं वल्ही मारली.

काठाला लागल्यावर सहा माणसं उतरली. मापारी दोराची वाट बघत बसला. "अरे, टाक ना दोर," असं दोनदा म्हणाला आणि मग वळला. पुढच्या टोकाला कुणी नव्हतं. तो तसाच धडपडत तिकडे गेला तेव्हा पायाखाली काहीतरी हिंदकळलं. त्यानं फळी उचलली. खाली काळं पाणी भरलेलं होतं, काठोकाठ. तो वेड्यासारखा बादलीनं उपसत सुटला. पाच बादल्या निघाल्या. धाकट्याचं वजन केलं असतं तर पाच बादल्याच भरलं असतं.

सगळं त्याला तिथेच कळलं. पाण्यानं एक माणूस ठेवून घेतला होता आणि त्याच्या वजनाइतकं स्वतः आत येऊन बसलं होतं. रेघ हलली नव्हती. रेघेनं त्याला सांगितलं, सगळे आहेत, आणि त्यानं ऐकलं.

मनोऱ्याची पायरी रिकामी होती. पाणबुडे तीन दिवस खाली जाऊन आले. बुडालेलं माणूस पोटात हवा धरली की वर येतं, बहुधा तिसऱ्या दिवशी, हे तलावावरच्या सगळ्यांना ठाऊक. आई तिसऱ्या दिवशी काठावर जाऊन बसली. पाचव्या दिवशी बसली, नवव्या दिवशी बसली. पाण्यावर आली ती फक्त त्याची एक रबरी चप्पल. रबर तरंगतंच, त्यात काय.

"तू मोजलं होतंस ना रे सगळ्यांना?" आईनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"मोजलं होतं," मापारी म्हणाला. "तो चढला होता, आई. मधेच कुठेतरी तोल गेला असणार... धुकं होतं."

झालं! एकदा तोंडातून गेलं ते गेलं. कामगारांना विचारलं तर ते म्हणाले, आम्हाला आमचे हात दिसत नव्हते. फक्त फोरमन एकदा बाजूला येऊन म्हणाला, "तू 'झालं का' विचारलंस ते ऐकलं मी. उत्तर मात्र काही ऐकलं नाही बुवा." मापारीनं दोर उचलला आणि होडीकडे चालू लागला. आई रोज दिवेलागणीला तेच विचारायची, अगदी शांतपणे, मीठ आहे का म्हणून विचारावं तसं. "मोजलं होतंस ना?" आणि तो रोज म्हणायचा, "मोजलं होतं." खरं सांगितलं तर एक गेला तो गेलाच, पण ही आपल्यालाही उंबऱ्याबाहेर काढेल, ही त्याची भीती. मुलगा चाळिशीचा झाला तरी आईच्या नजरेला भितोच.

आणि महिन्याभरानं होडी खाली बसायला लागली.

मिस्त्रीनं हे सगळं ऐकलं नव्हतं, फक्त "रिकामी" हा शब्द ऐकला होता. तो डांबर न देताच उठला आणि मापारीबरोबर काठावर आला. दोघांनी होडी बाहेर ओढली, पालथी घातली. मिस्त्रीनं एकेक सांधा नखानं खरवडून पाहिला, फळ्या ठोकून पाहिल्या. त्या संध्याकाळी पाणी कुठून आत आलं असेल, ती जागासुद्धा सापडली नाही.

"लाकूड पाणी पितं कधी कधी," मिस्त्री म्हणाला. "जड होतं. चार दिवस उन्हात राहू दे."

चार दिवस होडी उन्हात तापली. हात लावला तर चटका बसावा इतकी वाळली. पाचव्या दिवशी सकाळी दोघांनी ती पुन्हा पाण्यात ढकलली आणि काठावर उभे राहिले. होडी डुलली, स्थिर झाली. रिकाम्या होडीची जी खाच, ती पाण्याखाली एक बोट. आणि पुढचं टोक किंचित झुकलेलं.

वारा नव्हता. शेवाळाचा आणि ओल्या दगडाचा वास तेवढा येत होता. मिस्त्री बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिला.

"वजन सारखं पसरलेलं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "भिजलेलं लाकूड सगळीकडून भिजतं. हे एका जागी आहे. पुढच्या फळीवर, डाव्या बाजूला."

पुढच्या फळीवर डावीकडे कोण बसायचं, हे मिस्त्रीला सांगायची गरज नव्हती.

मिस्त्री मोठा खमक्या माणूस. चाळीस वर्षं होड्या दुरुस्त केलेल्या, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांना तो तोंडावर मूर्ख म्हणायचा. "बघू या तर खरं," म्हणून तो होडीत चढला, सरळ पुढे गेला आणि त्याच फळीवर डावीकडे बसला. होडी त्याच्या वजनानं डावीकडे झुकली, अगदी झुकायला हवी तशी.

आणि मग, मिस्त्री जागचा हलला नसताना, ती हळूच उजवीकडे आली. सपाट झाली.

शेजारी बसायला आलेल्या माणसाला आपण सरकून जागा देतो ना, तसं काहीतरी झालं होतं.

मिस्त्री बसल्याबसल्याच मागे सरकत सरकत काठाला आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. खाली उतरून त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिला.

"काय सांगितलंस तू घरी?" त्यानं विचारलं.

मापारीनं मग त्याला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होता. पाच बादल्या सांगितल्या, रेघ सांगितली, "झालं, दादा" सांगितलं.

"म्हणजे घरच्यांच्या लेखी तो होडीत चढला आणि मधे पडला," मिस्त्री म्हणाला. "चढलाच नव्हता बिचारा. पण तू चढवलास. तूच शब्द दिलास, तो होडीत आहे म्हणून... मग तो उतरेल कसा? त्याला उतरवून घ्यायला कुणी यायला नको का?" मग तो एकदम चिडला. "मला काय विचारतोस! मी लाकडाचा माणूस आहे. डांबर पाहिजे तर घेऊन जा. आईला सांग म्हणजे झालं."

आईला सांग, हे बोलायला सोपं. मापारी आठ दिवस रोज ठरवायचा आणि रोज दिवेलागणीला म्हणायचा, "मोजलं होतं." तेवढ्यात पंपावर आणखी एक कामगार आला, सहाचे सात झाले, आणि कामाचा घोळ व्हायला लागला. मापारी धरून सात माणसं चढली की पाणी पांढऱ्या रेघेला! सातवा कामगार काठावर राहायचा, त्याच्यासाठी दुसरी फेरी करावी लागायची. लोक कुरकुरायला लागले. पुढच्या फळीवर मात्र कुणीच बसत नव्हतं. का बसत नाही, हे कुणी कुणाला विचारतही नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी, कामगारांना सोडून तो परत आला तेव्हा आई काठावर उभी होती. शाल गुंडाळून, अनवाणी. तलावावर पुन्हा धुकं उतरत होतं.

"मला एकदा तिथे ने," ती म्हणाली.

"आई, धुकं बघ किती आहे. उद्या जाऊ."

"आजच ने."

तिच्यापुढे त्याचं कधी चाललंय? त्यानं हात दिला, तिला मागच्या फळीवर बसवायला गेला. ती त्याच्या हातातून सुटून सरळ पुढे गेली. मापारीनं वाकून खाचा पाहिल्या, न बघून राहवेना. तो स्वतः एक बोट. आई म्हणजे नुसती काटकुळी, अर्धं बोट. पाणी अडीच बोटांवर होतं.

तो पाठमोरा बसून वल्हवू लागला. काठ दिसेनासा झाला. वल्ह्यांवरून ठिबकणारं पाणी सोडलं तर कसला आवाज नव्हता. पाठीमागे आईचा श्वास ऐकू येत होता. आईचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच असेल, पण अर्ध्या वाटेवर त्याची वल्ही थांबली आणि तोंड उघडलं.

"आई, मी मोजलं नव्हतं."

पाठीमागे तिची शाल सळसळली.

"मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही गं. रेघ पाहिली. त्याच्या वजनाचं पाणी आत आलं होतं, मला वाटलं तोच आहे. मी त्याला तिथे पायरीवर सोडून आलो, आई... तो हाका मारत असेल... मी तुझ्याशी रोज खोटं बोललो..." चाळिशीचा माणूस हुंदके देऊन रडत होता. वल्ही पाण्यात लोंबत होती आणि होडी आपोआप हळूहळू फिरत होती.

मग आईनं विचारलं, "रेघेनं काय सांगितलं होतं तुला?"

"सगळे आहेत म्हणून."

"मग खरं तेच सांगितलं की."

तिच्या आवाजात राग नव्हता. रडू नव्हतं. त्यामुळेच त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. वळून तिच्याकडे बघावं असं त्याला फार वाटलं आणि मान काही वळेना.

मग पाठीमागे फळी करकरली. आई अगदी हळू बोलत होती. त्याच्याशी नाही.

"सरक रे थोडा... मला नीट बसू दे."

होडी डावीकडून उजवीकडे आली आणि सपाट झाली.

"किती गार पडलायस," आई म्हणाली. "ये. ये इकडे, शालीत ये..."

मापारीनं डोळे मिटून घेतले आणि होडी काठाकडे वळवली. किती वेळ वल्हवत होता कुणास ठाऊक. होडी वाळूला लागली. त्याला पाठीमागे आई उठल्याचं कळलं, काठावर पाय टाकल्याचं कळलं. होडी एकदम उसळली. त्याला माप पाठ होतं, बघायचीसुद्धा गरज नव्हती. अर्धं बोट उतरलं की होडी एवढी उसळत नाही. तरी त्यानं पाहिलं. तो एकटा बसला होता आणि पाणी बरोबर एका बोटावर होतं. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा.

सुटलो, असं वाटलं त्याला. खोटं कशाला बोला, छातीवरचा धोंडा उतरला. आणि इतक्या वर्षांची सवय म्हणून, दुसरं काय म्हणावं, त्याच्या तोंडून निघून गेलं,

"झालं का?"

आई चार पावलांवर होती. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"झालं, दादा."

ती पुन्हा चालू लागली. उजव्या अंगाला कलून, डावा नितंब बाहेर काढून, एक हात कमरेशी धरून, कडेवर मूल घेतलेली बाई चालते तशी. मूल मोठं झालेलं असावं, पेलवत नसावं, पण खाली ठेवायचं नसावं, तशी. मापारी तिच्या मागे निघाला आणि थबकला. ओल्या वाळूत तिच्या पावलांचे ठसे होते. चिमणीएवढ्या म्हातारीचे ते ठसे. त्यानं वाकून बोटं घातली. चार बोटं खोल, आणि एकेकात पाणी भरत चाललेलं.

याला आता तीन महिने झाले. होडी नीट चालते. मापारी हल्ली डोकी मोजतो, मोठ्यानं, बोट दाखवून, दोनदा. कामगार हसतात, पण डोकी आणि रेघ यांचा मेळ बसतो. आई त्याला काही बोलली नाही, उंबऱ्याबाहेर काढलं नाही, उलट त्याच्या पाठीवरून हात फिरवते. हात थंड असतो. ती दिवेलागणीला आता काही विचारत नाही. आतल्या खोलीत तिचं बोलणं चालू असतं, हळू आवाजात, मधे मधे थांबून.

फक्त तिची खाट दोनदा मोडली. आणि अंगणात चिखल होतो, तिचे पाय रुततात, म्हणून मापारीनं दारासमोर एक मोठी दगडी फरशी टाकून घेतली. ती उचलायला चार माणसं लागली होती. आई सकाळी त्या फरशीवर उभी राहून केस विंचरते.

काल सकाळी तो फरशीशी उकिडवा बसला होता. आई दारातून म्हणाली, "काय मोजतोयस रे?"

त्यानं हात मागे घेतला.

"डोकी मोजावीत, बाळा," ती म्हणाली, आणि कमरेवरचं काहीतरी सावरल्यासारखी शाल वर ओढून हसली. "सगळे आहोत आपण."

मापारीनं फरशीच्या कडेला बोट लावून पाहिलं. परवा ती जमिनीत एक बोट गेली होती. काल दोन.

आज सकाळी त्यानं अजून पाहिलेलं नाही.